चाकावरचा वस्तरा

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात इंग्लंडमधल्या शेफिल्ड शहरात नाइट नावाचे एक डॉक्टर होते. चाकू, कात्र्या, काटे, वस्तरे घडवणे हाच त्या शहराचा धंदा. दगडी चाकावर पोलाद घासून त्याला आकार आणि धार देणारे सुमारे अडीच हजार कारागीर तिथे राहत. ही माणसे लवकर मरतात हे गावात सगळ्यांना ठाऊक होते. डॉ. नाइट यांनी ते वयांमध्ये मांडले. काटे घासणारे २८ ते ३२ या वयात जातात, वस्तरे घासणारे ४० ते ४५ मध्ये, जेवणाच्या सुऱ्या घासणारे ४० ते ५० मध्ये. त्यांच्यात जे सर्वांत जास्त दारू पितात तेच सर्वांत जास्त जगतात, कारण कामावर सर्वांत कमी वेळा येणारेही तेच, असेही डॉक्टरांनी नोंदवून ठेवले. फ्रेडरिक एंगेल्सने इंग्लंडमधल्या कामगारांच्या हालाखीवर १८४५ मध्ये पुस्तक काढले, त्यात हे सगळे आकडे आहेत.

मरणाच्या वयात हा फरक पडत होता तो पाण्यामुळे. काट्यांचे काम कोरड्या चाकावर चाले, आणि दगडाची व पोलादाची धूळ थेट नाकातोंडात जाई. सुऱ्यांचे चाक पाण्याच्या कुंडातून फिरे. बरीचशी धूळ चिखल होऊन कुंडातच बसे. वस्तऱ्याचे काम थोडे कोरडे, थोडे ओले. म्हणून वस्तरेवाल्याचे आयुष्यही या दोघांच्या अधेमधे संपे.

वस्तऱ्याच्या चाकावर पाणी का आले आणि कोणत्या टप्प्यावर आले, हे पाहण्यासारखे आहे. वस्तऱ्याचे पाते आधी ऐरणीवर घडवत. मग ते कोरड्या दगडावर घासून त्याला ढोबळ आकार देत. या वेळी पोलाद अजून मऊ असते, चाकावर तापले तरी त्याचे काही बिघडत नाही, म्हणून इथे पाणी वापरत नसत. सर्वांत जास्त धूळ उडे ती नेमकी याच कामात. त्यानंतर पाते लाल होईपर्यंत तापवून एकदम थंड करत, म्हणजे ते कमालीचे कडक होई. मग पुन्हा मंद आचेवर, साधारण २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून त्याचा ठिसूळपणा उतरवत. असे ‘पाणी दिलेले’, म्हणजे कडक केलेले पाते दुसऱ्यांदा चाकावर चढे तेव्हा मात्र दगड ओलाच लागे, कारण आता जास्त तापले तर दिलेले पाणी उतरणार. ओल्या दगडाने पोलाद वाचले आणि त्याच्या आडोशाने माणूसही थोडाफार वाचला. जिथे पोलादाला धोका नव्हता तिथे माणसासाठी म्हणून कोणी पाणी ओतले नाही. शेफिल्डच्या या धंद्याचा सगळा इतिहास या एका गोष्टीत सापडतो.

पोलादाचे पाणी उतरले की नाही, हे कारागिराला रंगावरून कळते. उजळ केलेले पोलाद तापत गेले की त्यावर आधी फिकट पिवळसर झाक येते, मग तपकिरी, मग जांभळी, आणि २९० ते ३०० अंशांच्या सुमारास गडद निळी. निळे पोलाद लवचीक असते, स्प्रिंगला चांगले; दाढीच्या धारेला ते निकामी. वस्तऱ्याची अडचण अशी की त्याची धार अतिशय पातळ असते. पाठीकडे पाते चांगले पाच-सहा मिलिमीटर जाड असले तरी कडेला ते जवळजवळ उरतच नाही. तिथे निर्माण झालेली उष्णता झिरपून जायला धातूच नसतो. पाठ हाताला कोमट लागत असते आणि कडेची एक रेघ तोवर निळी होऊन गेलेली असते. चाकू, कोयता, कुऱ्हाड यांना चाकावर जी चूक पचते ती वस्तऱ्याला पचत नाही ती यामुळे.

शेफिल्डला हा धंदा का रुजला याची कारणे तिथल्या जमिनीतच होती. डॉन, शीफ, रिव्हेलिन, लॉक्सली आणि पोर्टर अशा पाच नद्या-ओढे शहराभोवतीच्या टेकड्यांवरून उतरतात. त्यांच्या उतारावर ठिकठिकाणी बांध घालून पाणचक्क्या बसवल्या गेल्या. चाकासाठी लागणारा वालुकाश्म जवळच, रॉदरहॅमशेजारच्या विकर्स्ली गावच्या खाणींत मिळे. पोर्टर ओढ्यावरची ‘शेफर्ड व्हील’ ही घासणीशाळा आजही जपून ठेवलेली आहे. त्या जागेचा पहिला उल्लेख १५८४ सालच्या एका मृत्युपत्रात येतो, आणि पाण्याच्या जोरावर तिथले काम १९३० पर्यंत चालले. १६२४ मध्ये पार्लमेंटच्या कायद्याने या परिसरातल्या चाकू-कात्रीवाल्यांचा संघ स्थापन झाला. तोवर चाकू म्हणजे शेफिल्डचा, ही ख्याती दोनअडीचशे वर्षे जुनी झाली होती; चॉसरच्या कथाकाव्यातल्या एका पात्राकडेही शेफिल्डचाच चाकू आहे.

वस्तऱ्याच्या दृष्टीने मोठा बदल १७४० च्या दशकात झाला. बेंजामिन हंट्समन हा मुळात डॉनकास्टरचा घड्याळजी. घड्याळाच्या स्प्रिंगसाठी त्याला एकसारखे पोलाद हवे होते. त्या काळचे पोलाद कुठे कडक, कुठे मऊ निघे. त्याने मातीच्या बंद मुशीत पोलाद पूर्ण वितळवले आणि ओतले. शेफिल्डच्या कारागिरांनी आधी ते नाकारले, फार कडक आहे म्हणून. हंट्समनने ते फ्रान्सला विकायला सुरुवात केली, आणि त्या पोलादाचा फ्रेंच माल इंग्लंडच्या बाजारात येऊ लागला तेव्हा शेफिल्डचे डोळे उघडले. पातळ धार फार दिवस टिकवणारा वस्तरा याच मुशीतल्या पोलादाने शक्य केला.

या गोष्टीला मुंबईचा एक धागा आहे. १७९४ च्या सुमारास ईस्ट इंडिया कंपनीचे मुंबईतले डॉक्टर हेलेनस स्कॉट यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीचे अध्यक्ष जोसेफ बँक्स यांना पोलादाचे नमुने पाठवले. इथले लोक त्याला वूट्झ म्हणतात, असे त्यांनी कळवले होते. १७९५ मध्ये जॉर्ज पिअर्सन यांनी त्यावर निबंध वाचला आणि त्याच्या शीर्षकात हे पोलाद मुंबईत बनते असे लिहिले. खरे तर ते दक्षिणेतल्या, म्हैसूर-सेलम-गोवळकोंडा भागातल्या भट्ट्यांमधून येत असे आणि मुंबई हे फक्त त्याचे बंदर होते. लंडनमधले नामांकित चाकूवाले जेम्स स्टोडार्ट यांनी त्याचे पाते करून पाहिले. घडवायला चिवट, पण बारीक धारेला यासारखे दुसरे पोलाद नाही, असे त्यांचे मत पडले. पुढे याच स्टोडार्टनी तरुण मायकेल फॅरडेला बरोबर घेऊन वूट्झचे गुपित शोधायचा प्रयत्न केला. १८२० आणि १८२२ मध्ये त्या दोघांचे पोलादाच्या मिश्रधातूंवरचे निबंध प्रसिद्ध झाले. वूट्झचे रहस्य त्यांना उलगडले नाही, पण पाचशे भाग पोलादात एक भाग चांदी घातली तर पाते चांगले होते असे त्यांनी सांगितले. शेफिल्डच्या ग्रीन, पिक्सली या कंपनीने फॅरडेशी पत्रव्यवहार करून तसे पोलाद वापरून पाहिले, आणि पुढे कित्येक दशके शेफिल्डच्या वस्तऱ्यांवर ‘सिल्व्हर स्टील’ अशी अक्षरे कोरली जात राहिली. पात्यात चांदी असो वा नसो. वीज-चुंबकत्वाच्या शोधांनी जग बदलणारा हा माणूस काही वर्षे वस्तऱ्याच्या पोलादामागे होता, ही गोष्ट मराठी वाचकापर्यंत फारशी पोहोचलेली नाही.

पोलाद सुधारत गेले. चाकापुढे बसणाऱ्या माणसाचे मात्र हाल वाढले.

पाणचक्कीच्या काळात घासणारा कारागीर बहुधा गावाबाहेर, ओढ्याकाठच्या उघड्याबोडक्या शाळेत काम करी. दारे-खिडक्या धड नसत, वारा खेळता असे. ओढ्याचे पाणी आटले की चाक थांबे, मग तो शेतावर किंवा बागेत जाई. एकच माणूस घडवणे, घासणे, मूठ बसवणे अशी पुष्कळ कामे करी, त्यामुळे सगळा दिवस चाकापुढे जात नसे. १७८६ मध्ये शेफिल्डला वाफेवर चालणारी पहिली घासणीशाळा सुरू झाली आणि हे गणित पालटले. वाफेच्या इंजिनाला उन्हाळा-पावसाळा नसतो. आता शहरातल्या बंद खोल्यांत आठ-दहा चाके शेजारीशेजारी, दिवसभर, बारा महिने फिरू लागली. कामाची विभागणी इतकी बारीक झाली की काटे घासणारा जन्मभर काटेच घाशी आणि वस्तरे घासणारा वस्तरेच. पोरे चौदाव्या वर्षी किंवा त्याआधीही चाकाला लागत. विशी गाठली की धाप लागायला सुरुवात होई, खांदे वर ओढले जात, आवाज घोगरा होई, आडवे पडले की श्वास कोंडे. या आजाराला तिथे ‘घासणाऱ्यांचा दमा’ म्हणत. आज त्याला सिलिकोसिस म्हणतात. वालुकाश्म म्हणजे बव्हंशी क्वार्ट्झ; त्याची सूक्ष्म धूळ फुप्फुसात रुतली की तिथे वण होतात आणि ते कधीच भरून येत नाहीत. काम सोडले तरी आजार पुढे सरकत राहतो. आपल्याकडे गुजरातेत खंभातला अकीक घासणाऱ्या कुटुंबांनी हेच भोगले आहे, तेही विसावे शतक सरून गेल्यावर.

ओल्या चाकावर काम करणारेही पूर्ण सुटत नसत. दगड झिजून वेडावाकडा झाला की तो पुन्हा गोल करावा लागे, आणि ते काम लोखंडी हत्याराने, कोरड्या दगडावर करत. त्या थोड्या वेळात खोली धुळीने भरून जाई.

यावर उपाय नव्हते असे नाही. १८२० च्या दशकाच्या सुरुवातीलाच शेफिल्डच्या अब्राहम नावाच्या गृहस्थांनी पोलादाचा कीस ओढून घेणारे चुंबकाचे साधन बनवले होते. चुंबक दगडाची धूळ ओढत नाही, आणि जीव घेणारी धूळ दगडाची होती; पण प्रयत्न सच्चा होता. चाकावर झाकण घालून पंख्याने धूळ नळीवाटे बाहेर काढण्याची युक्ती अधिक उपयोगाची होती आणि तीही लवकरच निघाली. ती सर्वत्र का बसली नाही याची कारणे ऐकली की मन विषण्ण होते. चाकाची जागा एकाच्या मालकीची, चाक चालवणारा भाडेकरू, काम देणारा तिसराच. खर्च कोणी करायचा? आणि खुद्द कारागिरांपैकी अनेकांचा विरोध होता. धंदा निर्धोक झाला तर त्यात गर्दी होईल आणि मजुरी घसरेल, ही त्यांची भीती होती. काही ठिकाणी पंखे मोडूनही टाकले गेले. अज्ञान म्हणून हे झटकून टाकता येत नाही. ज्याला आपण पंचेचाळिशी पाहणार नाही हे ठाऊक आहे आणि ज्याच्या घरात खाणारी तोंडे आहेत, तो आजच्या मजुरीचा विचार आधी करतो. दोष द्यायचाच तर ज्यांनी त्याच्यापुढे हा हिशेब ठेवला त्यांना द्यावा लागेल. १८६७ च्या कारखाना कायद्याने निरीक्षकाला पंखा बसवण्याची सक्ती करायचा अधिकार दिला, तोवर दोन पिढ्या गेल्या होत्या.

धूळ सावकाश मारी. दगड फुटला तर एका क्षणात. करवतींसाठी माणसाहून उंच दगड वापरत, आणि आतून चिरलेला किंवा गरजेपेक्षा वेगाने फिरवलेला दगड फुटला की त्याचे तुकडे छप्पर फोडून जात. जुन्या पद्धतीत दगड आसावर लाकडी पाचरी ठोकून बसवत. पाचरी पाणी पिऊन फुगत आणि दगडाला आतून चीर पाडत. लोखंडी तबकड्यांमध्ये दगड आवळायची रीत आल्यावर अपघात कमी झाले. वस्तऱ्याचे दगड लहान असत, त्यामुळे त्या कारागिरांवर हे संकट कमी वेळा येई, पण त्याच खोलीत शेजारी कोणाचा मोठा दगड फिरत असला तर तो धोका सर्वांचाच होता. आणि ज्या पाण्यावर हा धंदा उभा राहिला त्यानेही एकदा घात केला. ११ मार्च १८६४ च्या रात्री डेल डाइक धरण फुटले. लॉक्सलीच्या खोऱ्यातल्या घासणीशाळा वाहून गेल्या आणि किमान २४० माणसे मेली.

फ्रान्समध्ये तिएर या डोंगरी गावात हेच काम वेगळ्या बैठकीने चाले. किंबहुना बैठक नव्हतीच. द्युरोल नदीकाठच्या शाळांमध्ये कारागीर चाकाच्या वर बसवलेल्या फळीवर पालथे झोपत आणि हात खाली सोडून पाते दगडावर दाबत. अंगाचा सगळा भार हातावर येई, पाठ वाचे. खालून ओल चढे, थंडी हाडात शिरे. म्हणून त्यांच्या पायांवर कुत्री झोपवलेली असत, उबेसाठी. जुन्या छायाचित्रांत फळ्यांची रांग, पालथी माणसे आणि प्रत्येकाच्या पोटऱ्यांवर अंग मुडपून पडलेले कुत्रे दिसते. दगडाच्या पिवळ्या चिखलाने अंगावरचे कपडे माखत म्हणून तिथे या लोकांना ‘पिवळ्या पोटाचे’ म्हणत. गंमत अशी, की शेफिल्डलाही त्यांना हेच नाव होते.

जर्मनीतल्या झोलिंगेनने वस्तऱ्याचा आकारच बदलला. जुना इंग्रजी वस्तरा पाचरीसारखा भरीव. मोठ्या दगडावर घासल्यावर त्याच्या बाजू जवळजवळ सपाट राहत. दगड जितका लहान, तितकी पात्याच्या पोटात पडणारी खोली जास्त. झोलिंगेनच्या कारागिरांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काही इंचांचे लहान दगड वापरून दोन्ही बाजूंनी पोकळ, कागदासारखे पातळ पाते काढण्यात असे कौशल्य मिळवले की इंग्लंडचे कारखानेही तिकडे घासणीसाठी माल पाठवू लागले. असे पाते नखाने छेडले तर नाद देते. ते करायला शिकण्यात वर्षे जात. दोन्ही बाजू सारख्या यायला हव्यात, पाते कुठेही तापायला नको, आणि हे सगळे डोळ्याने नव्हे तर हाताने आणि कानाने कळायला हवे. चाकावर वस्तरा घासणे म्हणजे काय, याची सर्वोच्च पातळी झोलिंगेनने गाठली.

तरीही झोलिंगेनच्या त्या उस्तादाने चाकावर दाढीची धार कधी काढली नाही. शेफिल्डनेही नाही. चाकाचे काम पात्याला अंग देण्याचे. शेवटची धार काढणारा माणूस वेगळा, त्याचे साधन सपाट दगड. बेल्जियममधल्या आर्देन डोंगरातला पिवळा दगड, ज्यात अतिसूक्ष्म गार्नेटचे कण असतात; जर्मनीतला थुरिंजियाचा दगड; अमेरिकेतला आर्कान्सॉचा; जपानमध्ये क्योतोजवळच्या नाकायामा खाणीतला. या दगडांनी जगभरच्या वस्तऱ्यांना धार दिली आणि त्यांतला एकही गरगरा फिरत नव्हता.

त्याचे कारण वस्तऱ्याच्या घडणीतच आहे. सपाट दगडावर वस्तरा आडवा ठेवला की त्याची पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकतात. पाठीची जाडी आणि पात्याची रुंदी यांच्या प्रमाणातून धारेचा कोन आपोआप ठरतो, बहुधा सोळा-सतरा अंश. माणसाला कोन धरावा लागत नाही. तो पाते घडवणाऱ्यानेच ठरवून दिलेला असतो. पाठही धारेबरोबर किंचित झिजत जाते आणि कोन वर्षानुवर्षे तोच राहतो. यात पाणी किंवा तेल असते, वेग हाताचा असतो, उष्णता जवळजवळ निर्माणच होत नाही.

महाराष्ट्रातल्या न्हाव्याच्या धोकटीत निसणा असायचा तो यासाठी. गावोगाव फिरणारा शिकलगार पायाने चाक फिरवून विळ्या, कात्र्या, अडकित्ते, सुऱ्या लावून देई आणि ठिणग्या पाहायला पोरे जमत. न्हावी मात्र आपला वस्तरा स्वतः पाजवी: आधी निसण्यावर, मग चामड्याच्या पट्ट्यावर, आणि शेवटी दोन-चार वेळा तळहातावर. रॉजर्ससारख्या शेफिल्डच्या कंपन्यांचे वस्तरे इथवर आले तरी त्यांची निगा राखण्याची विद्या इथलीच होती. गिऱ्हाइकाच्या गालावर तिची परीक्षा रोज होई, आणि त्या परीक्षेत नापास होण्याची मुभा नव्हती.

किंग जिलेटने १९०३ मध्ये ५१ यंत्रे आणि १६८ पाती विकली. पुढच्या वर्षी त्याला पेटंट मिळाले. पहिल्या महायुद्धात अमेरिकी सैनिकांना लक्षावधी जिलेट यंत्रे दिली गेली, सैनिक ती घेऊनच घरी परतले, आणि वस्तरा घरांतून हद्दपार होऊ लागला. चाकेही बदलली. एडवर्ड अॅचिसन याने १८९१ मध्ये सिलिकॉन कार्बाइड कृत्रिम रीतीने तयार केले होते. अशा कृत्रिम चाकांनी हळूहळू वालुकाश्माला बाजूला सारले. सिलिकोसिस घटला त्यात या चाकांचा वाटा मोठा आहे. ब्रिटनमध्ये चाकू-कात्री घासण्यासाठीचे सविस्तर सुरक्षानियम १९२५ मध्ये आले. डॉ. नाइट यांच्या काळातली पोरे तोवर केव्हाच गेली होती. भारतात सलूनांतून जुना वस्तरा गेला तो बराच उशिरा, एड्सच्या भीतीने. १९९० च्या दशकात अर्धे ब्लेड बसवायचे वस्तरे सर्रास झाले.

गेल्या वीसेक वर्षांत वस्तरा परत आला आहे, हौस म्हणून. शेफिल्ड-झोलिंगेनचे शंभर-दीडशे वर्षांचे वस्तरे जुन्या बाजारातून, आजोबांच्या ट्रंकेतून निघतात, गंजलेले, काळवंडलेले. मिळवणाऱ्याच्या घरी हातात मावणारे विजेचे फिरते यंत्र असते, लाकूड-धातू घासायचे, भोके पाडायचे, पॉलिश करायचे. पाच मिनिटांत गंज निघेल आणि धारही येईल असे वाटते. आणि इथे शेफिल्डचे सगळे जुने धोके एका छोट्या चाकतीत एकत्र येतात.

ही यंत्रे मिनिटाला तीस हजारांच्या वर फेरे घेतात. पंचवीस मिलिमीटरची चाकती त्या वेगाने फिरली तर तिची कड सेकंदाला जवळपास ३९ मीटर धावते, म्हणजे ताशी १४० किलोमीटर. पाणी नाही, पाठीचा आधार नाही, कोन धरणारा फक्त थरथरता हात. चाकती पात्याला एका बिंदूवर टेकते आणि धारेच्या सरळ रेषेत खळगे पाडत जाते. अशी लाटेरी धार सपाट दगडावर कधी पूर्ण टेकत नाही. रंग दिसेपर्यंत थांबायचे म्हटले तरी उपयोग नसतो, कारण अगदी कडेवरची सूक्ष्म रेघ डोळ्याला रंग दिसायच्या आधी तापून गेलेली असते. घासणीच्या पातळ चाकत्या किंचित वाकड्या दाबल्या की फुटतात आणि तुकडे डोळ्याच्या उंचीवर उडतात. कापडी किंवा फेल्टचे पॉलिशचे चाक त्याहून निरुपद्रवी वाटते, पण चाकू घडवणारे लोक सर्वांत जास्त भितात ते त्याला. धार चाकाच्या फिरण्याच्या उलट दिशेला आली की चाक पाते पकडते आणि हातातून हिसकावून फेकते, आणि ते पाते वस्तऱ्याचे असते.

आणखी एक धोका शेफिल्डच्या जुन्या कारागिराला माहीत नव्हता. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटापासून पुष्कळ वस्तऱ्यांच्या मुठी सेल्युलॉइडच्या केल्या गेल्या, हस्तिदंत किंवा कासवाच्या पाठीचा भास देणाऱ्या. सेल्युलॉइड म्हणजे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर. ते क्षणात पेट घेते. पात्यावरून उडालेली ठिणगी किंवा घर्षणाने तापलेली चाकती अशा मुठीला लागली तर ती हातातच भडकते. मुठी काढून ठेवल्याशिवाय जुन्या वस्तऱ्यावर कोणतेही फिरते यंत्र चालवू नये हे म्हणूनच. आणि मुखपट्टी, चष्मा, हवा खेळती ठेवणे हे वेगळे सांगायला नको; कृत्रिम चाकतीत क्वार्ट्झ नसले तरी गंजाची, पोलादाची आणि चाकतीचीच धूळ श्वासात जाते.

जाणकार लोक जुन्या वस्तऱ्याचा गंज बारीक पॉलिशकागदाने, पाणी किंवा तेल लावून, हातानेच काढतात. धारेला खोल खाच पडली असेल तर भरड दगडावर पाणी घालत ती सावकाश घासून काढतात, मग हजार, चार-पाच हजार, आठ हजार क्रमांकाच्या अशा चढत्या बारकाव्याच्या दगडांवर पाठ आणि धार टेकवून पाते फिरवतात, आणि शेवटी चामड्याच्या पट्ट्यावर. यात कधी संध्याकाळ जाते, कधी दोन. आणि एखाद्या पात्याची कड चाकावर आधीच निळी होऊन गेली असेल, तर त्यावर दगडाचा इलाज चालत नाही. पाणी उतरलेला सगळा भाग घासून काढावा लागतो, म्हणजे पाते तितके अरुंद करावे लागते. शंभर वर्षे दाढी करून झिजलेल्या वस्तऱ्यात तेवढी रुंदी बहुधा उरलेली नसते.